पगारी कृषी अर्थतज्ज्ञ की फिरता सल्लागार? सोलापुरातून दिसणाऱ्या दोन वाटा

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर, उरले २ रुपये ४९ पैसे, आणि हातात पडला २ रुपयांचा चेक. बातमी देशभर गाजली. ती वाचून नुसती चीड आली असेल तर ते साहजिकच आहे. पण मधले ५०९ रुपये कुठल्या रकान्यात किती गेले, हे बघितल्याशिवाय चैन पडत नसेल तर कृषी अर्थशास्त्र तुमचा विषय आहे. मग प्रश्न एवढाच उरतो, की हे काम नोकरीत राहून करायचं की सल्लागार होऊन.

माझी पुतणी बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिनं हेच विचारलं. मी सात वर्षं पगारावर काढली, त्यानंतरची नऊ वर्षं कामं घेऊन फिरतोय. दोन्ही घरचं मीठ खाल्लंय, म्हणून हा आढावा.

आधी तीच कांद्याची पट्टी घेऊ. विद्यापीठातला किंवा संशोधन केंद्रातला माणूस दहा वर्षांच्या पट्ट्या गोळा करतो, महिनावार आवक आणि भाव मांडतो, ऑगस्ट २०२३ चं ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरची निर्यातबंदी यांनी काय झालं ते तपासतो. त्याला घाई नसते. सल्लागाराला मात्र फोन येतो, ‘शेतकरी कंपनीला कांदाचाळीचा डीपीआर हवाय, पुढच्या शुक्रवारपर्यंत.’ म्हणजे कांदा साठवायच्या शेडचा सविस्तर प्रकल्प अहवाल. इथंच नवखे घसरतात. फेब्रुवारीत येणारा लाल आणि रांगडा कांदा टिकाऊ नसतो; चाळीत टिकतो तो उन्हाळी. हे ज्याला ठाऊक नाही तो आकडेमोड अचूक करूनही शेतकऱ्याला सडका माल आणि कर्जाचा हप्ता देऊन जातो.

नोकरीत हे शिकायला वेळ मिळतो, आणि माझ्या मते पगारापेक्षा मोठा फायदा हाच. केंद्राच्या लागवड खर्च योजनेचं महाराष्ट्रातलं काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. निवडक गावांतल्या शेतकऱ्यांकडे वर्षभर नोंदी होतात: मजूर किती, बैलजोडी किती तास, खत किती पोती. त्यातून प्रत्यक्ष केलेला खर्च म्हणजे ए२, घरच्या माणसांची मजुरी धरून ए२ अधिक एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचं व्याज धरून सी२ असे खर्च निघतात. हमीभावाच्या शिफारशीला कृषी खर्च व मूल्य आयोग हेच आकडे वापरतो. काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण असल्या नोंदींत एक-दोन हंगाम काढलेला माणूस पुढं कुठंही फसत नाही.

याचा प्रत्यय मला सल्लागार झाल्यावर आला. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीचा सर्व्हे होता. प्रश्नावली बाहेरून छापून आलेली, त्यात उत्पन्नाचा रकाना एकच, धान्याचा. एका आजींनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघून विचारलं, “कडबा कुठं लिव्हलाय?” म्हटलं, रकाना नाही. “मग जनावरं काय तुमचा फारम खाणार व्हय?” लागवड खर्चाच्या हिशेबात कडबा दुय्यम उत्पादन म्हणून धरलेलाच असतो, इथं तो गाळला की मालदांडी ज्वारी तोट्यात दिसते आणि अहवाल सांगतो, पीक बदला. मी समासात शेकडा पेंढीचा भाव लिहीत गेलो. काम देणाऱ्या संस्थेनं तो शेवटी परिशिष्टात टाकला. मुख्य शिफारशीत नाही. नोकरीत असतो तर यावर भांडलो असतो. सल्लागाराला शेवटचा हप्ता यायचा असतो.

डाळिंबाचंही तसंच. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे. तिथं काम करणारा मृग, हस्त, आंबे हे तिन्ही बहार, म्हणजे फळ धरायचे हंगाम, वर्षानुवर्षं बघतो. तेल्यानं आणि मर रोगानं बाग गेल्यावर कोण पुन्हा लावतं, कोण सोडून देतं, हेही त्याला कळतं. मला मूल्यसाखळीच्या, म्हणजे बागेपासून ग्राहकापर्यंतच्या प्रवासाच्या, अभ्यासाला ४५ दिवस मिळाले होते. सांगोल्यात एकच बहार पाहिला आणि तीन बहारांवर मत दिलं. अजून सलतं.

उलट बाजूही आहे. नोकरीतला शोधनिबंध छापून येईपर्यंत शेतकऱ्याचे दोन हंगाम सरतात. सल्लागाराचा कागद लगेच कामाला लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक कंपन्यांची केंद्राची योजना आली, राज्यात शेतमालाच्या बाजारासाठी जागतिक बँकेच्या मदतीचा स्मार्ट आणि आशियाई विकास बँकेचा मॅग्नेट प्रकल्प आला, आणि व्यवसाय आराखडे, प्रकल्प सुरू होण्याआधीचे पायाभूत सर्व्हे, मूल्यमापन अशी कामं वाढली. एका कंपनीची प्रतवारीची शेड मी मांडलेल्या हिशेबावर उभी राहिली. तिच्या दारात उभं राहून चहा घेताना जे वाटतं, ते कुठल्या निबंधानं मला दिलं नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. कृषी संशोधन सेवेतून शास्त्रज्ञ झालात तर सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५७,७०० पासून, वर भत्ते. जागा मोजक्या, तयारीत दोन-तीन वर्षं सहज जातात. बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याच्या आयबीपीएस परीक्षेला एम.एस्सी. लागत नाही, पण वयाची ३० ची अट आहे. नाबार्डचं कामही चांगलं. जिल्ह्यात किती कर्ज लागू शकेल याचा संभाव्य पतआराखडा त्यांचा जिल्हा विकास व्यवस्थापक करतो. सल्लागाराचा दिवसाचा दर ऐकून पुतणीचे डोळे विस्फारले होते. मग तिला वर्षाचा हिशेब दाखवला: १० टक्के टीडीएस आधीच कापलेला, उलाढाल २० लाखांपुढं गेली की जीएसटी, मार्चअखेर श्वास घ्यायला फुरसत नाही आणि मे-जूनमध्ये फोन वाजत नाही. एका कामाचा शेवटचा हप्ता मला अकरा महिन्यांनी मिळाला.

सोलापुरात राहून हे जमतं का? जमतं. बैठका बहुतेक पुण्याला, पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस धरली की रात्री घरी. आणि ऊस, डाळिंब, कांदा, कोरडवाहू ज्वारी एकाच जिल्ह्यात, म्हणजे फील्ड दारात.

पुतणीला मी सांगितलं ते असं. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेची परीक्षा दे, लाजायचं कारण नाही. नसेल तर एम.एस्सी. कर, चार-पाच वर्षं जिथं नोंदी घेतल्या जातात अशा ठिकाणी काढ, आणि मग सल्लागारीत उतर. पदवीनंतर थेट उतरू नको. इंग्रजी चांगलं असलं की लोक काम देतात, पण कडब्याचा रकाना सुचत नाही. आणि पहिलं काम घेशील तेव्हा तीस टक्के आगाऊ आणि प्रश्नावली बदलायची मुभा, या दोन्ही गोष्टी करारात लिहून घे. मी फक्त पहिली घेतली होती.