लिटरमागचे पन्नास मिली: दूध संकलन केंद्रावर पैसा कुठे गळतो

दहा दिवसांचा दुधाचा पगार जमा होतो. लिटर गुणिले दर करून पाहिलं तर हिशेब पैशापर्यंत जुळतो, तरी घरच्या मापाशी ताळा घातला की चार-पाचशे रुपये कमी भरतात. दूध घालणाऱ्याची फसवणूक बहुतेक अशीच असते. गुणाकार चोख असतो, गडबड असते ती गुणाकारात जाणाऱ्या आकड्यांत. लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हे तिन्ही आकडे केंद्रावर तयार होतात. ते तयार होताना शेतकरी रिकामी किटली हातात धरून, मागच्या माणसाला वाट करून देत बाजूला सरकलेला असतो.

सुरुवात काट्यापासून. पैसे लिटरवर मिळतात, पण काटा मोजतो किलो. गायीचं १ लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणून किलोला १.०३ ने भागून लिटर काढतात. हा भागाकार काट्यातच भरून ठेवलेला असतो आणि तो बदलताही येतो. १.०३ च्या जागी १.०४ घातलं, तर १०.३ किलो दूध १० लिटरऐवजी ९.९० लिटर दिसतं. दहा लिटरमागे शंभर मिली गेले, आणि समोरच्याला काही कळलंही नाही. पकडायला सोपं आहे. किराणा दुकानातून वैधमापनाचा शिक्का असलेलं १० किलोचं वजन आणा (५-५ ची दोन चालतील) आणि काट्यावर ठेवा. काटा किलोत असेल तर १०.०० दिसलं पाहिजे, दुधाच्या लिटरमध्ये असेल तर ९.७१. तिथे ९.६२ दिसलं, तर भागाकार १.०४ चा आहे.

दुसरी गळती दशांशाची. १०० मिलीच्या टप्प्याने दाखवणारा काटा जवळच्या आकड्याकडे झुकत असेल, तर आज गेलेलं उद्या परत येतं, त्यात भांडण्यासारखं काही नाही. पण आकडा नेहमी खालीच कापला जात असेल, म्हणजे ९.९८ चं ९.९ आणि ९.९१ चंही ९.९, तर दर खेपेला सरासरी ५० मिलीच्या आसपास जातात. एका माणसाच्या दृष्टीने ते चहाच्या कपापेक्षाही कमी. २०० उत्पादक, दिवसातून दोन खेपा, असा हिशेब धरला तर रोजचे २० लिटर. तीस रुपये दराने दिवसाला ६०० रुपये, वर्षाला दोन लाख एकोणीस हजार. कुणाच्याच नावावर नसलेलं हे दूध रोज टँकरमध्ये चढतं. १० मिलीपर्यंत दाखवणाऱ्या काट्याचा आग्रह शेतकरी धरतात तो यासाठी. शिवाय प्रत्येक खेपेआधी रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आला का, हे डोळ्यांनी पाहायचं. सुरुवात उणे ०.२० वरून झाली, तर तेवढं दूध तुमच्याच खात्यातून जातं.

नमुन्याकडे कुणी फारसं पाहत नाही. मशीनला जेमतेम २०-२५ मिली दूध लागतं. नमुना मात्र वजनाआधी शंभर मिली काढायचा आणि उरलेला केंद्राच्याच कॅनमध्ये ओतायचा, ही अनेक ठिकाणची रूढ झालेली रीत आहे. नमुना वजनानंतर घेतला, तर हा प्रश्नच उरत नाही. तो कुठून घेतला हेही पाहा. उभ्या ठेवलेल्या किटलीत मलई वर येते. न ढवळता तळातून नमुना घेतला, तर फॅट कमी लागते. वरून घेतला तर जास्त लागते, आणि ही युक्ती काही उत्पादकही करतात, हे लपवण्यात अर्थ नाही. घोळणीने खालून वर पाच-सहा वेळा ढवळून मधून घेतलेला नमुना दोघांनाही न्याय देतो.

खरा पैसा एसएनएफमध्ये जातो. गायीच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बांधलेला असतो, राज्य सरकारच्या २०२४ च्या अनुदान योजनेतही हेच प्रमाण होतं. त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, कुठे ३० पैसे कापतात तर कुठे रुपया. रोज ४० लिटर घालणाऱ्याचे चार पॉइंट कमी लागले, तर ३० पैशांनी दिवसाला ४८ आणि दहा दिवसांच्या पगारात ४८० रुपये गेले. रुपयाच्या कपातीने १६००.

चार पॉइंट खाली आणायला पाणी घालावं लागत नाही. लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगवून घनता मोजायची काचेची नळी, कोणत्या तापमानासाठी बनवलाय ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, आपल्याकडे बहुधा २७ अंश. दूध त्याहून गरम असेल तर प्रत्येक अंशाला लॅक्टोमीटरच्या वाचनात, म्हणजे ‘डिग्री’त, सुमारे ०.२ मिळवायचे असतात. नुकतंच काढलेलं ३५ अंशांचं दूध थेट मोजलं आणि ही दुरुस्ती केली नाही, तर १.६ डिग्री कमी येते. एसएनएफ काढताना डिग्रीला ४ ने भागतात, म्हणून तिचा चौथा हिस्सा ०.४, म्हणजे झाले चार पॉइंट. भरीस भर म्हणजे ताज्या धारेच्या दुधात हवा अडकलेली असते, त्यामुळे पहिला तासभर डिग्री तशीही थोडी कमीच लागते.

सूत्राचा घोळ याहून भारी. २७ अंशांच्या लॅक्टोमीटरसाठी डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२५ पट, अधिक ०.४४ असं भारतीय मानकाचं सूत्र आहे. १५.५ अंशांच्या जुन्या लॅक्टोमीटरसाठी फॅटच्या ०.२ पट आणि ०.१४ घेतात. डिग्री २९ आणि फॅट ३.५ असेल तर पहिल्या सूत्राने एसएनएफ ८.५६ येतो, दुसऱ्याने ८.०९. लॅक्टोमीटर नवा आणि भिंतीवरचा तक्ता जुना, अशी जोडी जमली की उत्पादकाचे जवळपास पाच पॉइंट गेले. कधी हे अज्ञानातून होतं, कधी जाणूनबुजून. कपात दोन्हीकडे तेवढीच होते, म्हणून हेतू शोधत बसण्यापेक्षा तक्ता आणि लॅक्टोमीटर शेजारी धरून पाहावेत.

आता बहुतेक ठिकाणी अल्ट्रासॉनिक मिल्क अ‍ॅनालायझर आले. मिनिटभरात आकडा आणि छापील पावती, त्यामुळे माणसाचा हात यात नाही असं वाटतं. पण मशीनच्या मेनूत प्रत्येक घटकाला दुरुस्तीचा आकडा भरायची सोय असते, कारण मशीन गावच्या दुधाशी जुळवून घ्यावं लागतं. तिथेच फॅटला उणे ०.२ घातलं की दिवसभराच्या सगळ्या पावत्या तेवढ्याने खाली येतात. गायीचं दूध म्हशीच्या चॅनलवर लावलं, दोन नमुन्यांच्या मध्ये मशीन धुतलं नाही, नमुन्यात फेस राहिला, तरी आकडे भरकटतात. फरक एवढाच की भरकटलेलं मशीन कधी वर जातं, कधी खाली. मुद्दाम बसवलेलं मशीन कायम एकाच बाजूला झुकतं.

संशय आला तर एकाच ढवळलेल्या दुधाच्या दोन स्वच्छ बाटल्या भरा. एक केंद्रावर लावा, दुसरी त्याच दिवशी थंड ठेवून तालुक्याच्या प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीने, म्हणजे अ‍ॅसिडने फॅट वेगळी करून, तपासून घ्या. त्यात १० मिली गर्बर अ‍ॅसिड, १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाइल अल्कोहोल घालून बुटायरोमीटर (खुणा केलेली काचेची नळी) मिनिटाला ११०० फेऱ्यांनी पाच मिनिटं फिरवतात आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचतात. मलईच्या दांडीखाली पांढरी साका दिसली तर अ‍ॅसिड पातळ होतं, काळे कण दिसले तर जास्त तीव्र. दोन्ही वेळी ते वाचन धरू नका. सलग तीन खेपा हे करा. एकदा ०.१ चा फरक पडला तर ती पद्धतीची मर्यादा. तिन्ही वेळा केंद्राचाच आकडा ०.२-०.३ ने खाली असेल, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

मात्र त्याआधी गोठ्यात पाहा. सकाळपेक्षा संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त लागते, कारण दोन धारांमधलं अंतर कमी असतं. शेवटच्या धारा वासराला सोडल्या, तर सगळ्यात घट्ट दूध त्याच्या पोटात जातं. उन्हाळा, कमी खुराक आणि कासदाह यांनी एसएनएफ खरोखर उतरतो. हे न पाहता केंद्रावर आरडाओरडा केला, तर पुढची खरी तक्रारही कुणी मनावर घेत नाही.

यात केंद्राला काय मिळतं? हजार लिटर संकलनावर फॅट ०.१ ने कमी दाखवली, की रोज किलोभर फॅट बेहिशेबी उरते. ती मलई म्हणून काढून घेता येते किंवा पाणी घालून लिटर वाढवून झाकता येते. काटामारीतून सुरू झालेला व्यवहार अशा रीतीने भेसळीपर्यंत जातो. चालकाला लिटरमागे मिळणारं कमिशन इतकं तुटपुंजं ठेवतात की वीज, मजुरी आणि घट त्यातून भागत नाही. उरलेलं तो काट्यावर भरून काढणार, हे वरच्यांना ठाऊक नसतं असं मानणं भाबडेपणाचं आहे. पण चांगल्या दुधाला सतत ८.२ एसएनएफ लागत असेल, तर चांगलं दूध घालणारा एक तर दुसरीकडे जातो किंवा तोही पाणी घालायला शिकतो. वर्षभरात त्या केंद्राचं दूध खरंच ८.२ चं होतं. मग डेअरीला भुकटी आणि चीज दोन्हींत उतारा कमी मिळतो.

गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याच्या दूध संघाची (आजच्या अमूलची) १९४६ साली नोंदणी झाली, त्याआधी तिथल्या दुधाचा दर ठेकेदार ठरवत. संघाने गावातच सकाळ-संध्याकाळ, घालणाऱ्याच्या डोळ्यांदेखत माप आणि तपासणी सुरू केली, आणि त्यावर माणसं टिकली. आजही बरं केंद्र लांबून ओळखता येतं. काट्याची पाटी उत्पादकाकडे तोंड करून असते, पावतीवर वजन दोन दशांशांत छापलेलं असतं, लॅक्टोमीटरशेजारी थर्मामीटर टांगलेला असतो आणि फेरतपासणी मागितली तर चालकाचं तोंड वाकडं होत नाही.

तक्रार कुठे करायची, यात लोक वर्ष घालवतात. ग्राहक आयोग इथे उपयोगाचा नाही, कारण दूध घालणारा ग्राहक नव्हे, विक्रेता आहे. काट्यासाठी वैधमापनशास्त्र निरीक्षक: इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी पडताळणी होऊन सील लागलं पाहिजे, आणि त्याचं प्रमाणपत्र केंद्रावर मागता येतं. सहकारी संस्था असेल तर सहायक निबंधक (दुग्ध). भेसळीचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासन. अर्जात ‘फॅट कमी लावतात’ एवढंच लिहू नका. तारीख, खेप, केंद्राची पावती, त्याच दुधाचा बाहेरचा अहवाल आणि काट्यावर ठेवलेल्या वजनाचा फोटो जोडा. आणि संकलनाची वेळ ठळक लिहा, सकाळी ६ ते ८. निरीक्षक अकराला आले, तर त्यांना कुलूप आणि धुऊन उपडे घातलेले कॅन दिसतात.