रेडिंगचं ग्रामीण संग्रहालय, अप्पांच्या सोबतीनं

इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये 6 वर्षं राहूनही विद्यापीठाचं ‘म्यूझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफ’ बघायचं राहिलं होतं. निफाडहून अप्पा आले आणि योग आला. तिकीट नाही. सोमवारी बंद असतं. स्टेशनपासून पायी 20-25 मिनिटं.

अप्पा जुन्या घोडागाड्यांपाशीच रमले. प्रत्येक परगण्याच्या गाडीची घडण निराळी. वाकून चाकाचा तुंबा बघितला, आरे मोजले, लोखंडी धावेवरून हात फिरवायला निघाले तेव्हा मी थांबवलं. आपली बैलगाडी दोन चाकांची, या चार चाकांच्या. पुढची चाकं लहान का, तर वळताना ती गाडीच्या साटीखाली जावीत म्हणून. हे मला अप्पांनी सांगितलं.

मी मात्र टॉम विल्यम्स डोक्यात घेऊन गेले होते. हा मूळचा कोळसा खाणीतला कामगार. 1922 पासून 1959 पर्यंत डॉन व्हॅलीचा मजूर पक्षाचा खासदार, आणि 1945 ते 1951 शेतीमंत्री. त्याच्या 1947 च्या शेती कायद्यानं हमीभाव आणि दरवर्षी सरकार-शेतकरी संघटनेनं बसून भावाचा आढावा घ्यायची पद्धत पक्की केली. त्या कायद्यात शेतकऱ्याच्या बरोबरीनं शेतमजुराच्या मोबदल्याचाही उल्लेख आहे, हे मला फार मोठं वाटतं.

तो मंत्रिपदावरून गेला त्याच 1951 साली हे संग्रहालय सुरू झालं. त्याच वर्षी लंडनमध्ये भरलेल्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी मायकेल ओ’कॉनेल यांनी केलेले, शेतीजीवन दाखवणारे अवाढव्य कापडी पट इथे जपलेत. आम्ही गेलो तेव्हा त्यातला एक मांडला होता. युद्धात रेशनवर जगलेल्या देशानं आपली शेती इतक्या दिमाखात लंडनला नेऊन दाखवली! मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. केवळ त्यासाठीही जा. अभ्यास करायचा असेल तर इथल्या दप्तरात तिथल्या राष्ट्रीय शेतकरी संघटनेचे कागद आहेत. आधी कळवून जा.

बाहेर बागेत बसून डबा खाताना अप्पांना कायदा समजावून सांगितला. गहू, बार्ली, ओट, राय, बटाटा, साखरबीट, दूध, अंडी, मांसाची जनावरं, एवढ्यांना हमी होती.

“आणि कांदा?”

“नव्हता, अप्पा.”

“तिथंही नव्हता,” म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.