जेवणाच्या टेबलाला काय लावावं: सिलेन, फ्लोरो की पीयू?

पॉलिश नसलेल्या सागाच्या फळीवर पाण्याचा एक थेंब टाका, शेजारी गोडेतेलाचा. पाणी मुरतं, पण वाळून निघूनही जातं. तेल रेषांच्या कडेने पुढे सरकत राहतं आणि काळपट डाग धरून बसतं. त्यात तर्रीची हळद असेल तर विचारूच नका. टेबलापुरता खरा प्रश्न तेलाचा आहे. जाहिरातीत दिसतो तो टपोरा थेंब पाण्याचा असतो.

पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, खाद्यतेलाचा जेमतेम ३२-३३. मेण किंवा सिलिकोनच्या थराची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला ओढून पसरवण्याची ताकद, त्याच मापात २० ते २५ च्या घरात असते. द्रवाचा ताण या आकड्याहून बराच जास्त असेल तरच त्याचा मणी होतो. पाण्याचा मणी व्हायला एवढं पुरतं, तेलाचा व्हायला पुरत नाही. तेल ढकलायचं तर त्याहून कमी पृष्ठऊर्जेच्या, फ्लोरिनयुक्त रेणूंच्या साखळ्या हव्यात.

सिलेन म्हणजे लाकडाला रासायनिकरीत्या धरून पाणी ढकलणारं सिलिकॉनयुक्त रसायन. त्याची जमेची बाजू म्हणजे लाकूड लाकडासारखंच दिसतं. रंग बदलत नाही, चकाकी येत नाही. ९५ टक्के इथेनॉल आणि ५ टक्के पाणी, ॲसिटिक ॲसिडने सामू ४.५ ते ५.५ वर आणायचा, मग ढवळत २ टक्के अल्कॉक्सी सिलेन घालायचं. पाच मिनिटं थांबून पातळ हात मारायचा आणि २४ तास वाळू द्यायचं. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे कोकणात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. द्रावण उरवून दुसऱ्या दिवशी वापरलं तर रेणू एकमेकांनाच चिकटलेले असतात, लाकडाला धरायला फारसे उरत नाहीत. ट्रायमिथॉक्सी प्रकारच्या सिलेनमधून विषारी, ज्वलनशील मिथेनॉल सुटतं, म्हणून खिडक्या उघड्या, आणि जवळपास गॅस पेटवायचा नाही. एवढं करून पाणी थांबतं, तेल मुरतंच.

फ्लोरो लेप, म्हणजे त्या फ्लोरिनयुक्त साखळ्यांचा थर, दोन्ही थांबवतो. पण थर इतका पातळ असतो की रोजच्या घासणीने झिजतो आणि कुठे झिजला ते डाग पडल्यावर कळतं. शिवाय जुन्या आठ-कार्बनी प्रकारांशी जोडलेलं पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. सहा-कार्बनी पर्याय आले, तरी तेही निसर्गात सहज विघटित होत नाहीत. ज्यावर ताट ठेवायचं, त्या पृष्ठभागाला आम्ही हे सुचवणार नाही.

उरलं दोन घटकांचं (बेस आणि हार्डनर मिसळून लावायचं) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. ते तेलाला ढकलत नाही, वाटच अडवतं: तेल वर पसरतं, फडक्याने पुसलं की संपलं. टेबलाला हेच लावा. १८० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने, मग सीलरचे (रंध्रं बुजवणाऱ्या खालच्या थराचे) दोन हात, ३२० ने घासणी, वर टॉपकोटचे (शेवटच्या थराचे) दोन हात. बेस आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावरचं, आणि तेही मापाने. अंदाजाने हार्डनर कमी पडला की फिल्म मऊ राहते आणि गरम पातेल्याचा ठसा उमटतो. हार्डनरमधला आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतो. लाकूड ओलं असेल तर फिल्ममध्ये टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात, ते यामुळेच. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे सीलरच्या आधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. स्प्रे मारताना साधा कापडी मास्क चालत नाही, सेंद्रिय वाफांचं फिल्टर लावलेला हवा. टेबल पुसण्याजोगं दुसऱ्या दिवशी होतं, पण गरम भांडं आठवडाभर नाही. कडा आणि खालची बाजूही रंगवा. फक्त वरून बंद केलेली फळी पावसाळ्यात वाकते.

पोळपाट, चॉपिंग बोर्ड यांना मात्र पीयू नको, सुरीने फिल्म कापली जाते. तिथे फूड-ग्रेड मिनरल ऑइल आणि मधमाशीचं मेण, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. बाहेरच्या दाराला अळशीचं तेल चालेल, पण ते पुसलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेट घेतो. ती पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.