पिंक फ्लॉइड, स्टॉकहोम 1967: गाणं ऐकू येत नाही, तरी घ्या

'द अर्ली इयर्स 1965–1972' हा पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा संच नोव्हेंबर 2016 मध्ये आला. 10 सीडी, 9 डीव्हीडी, 8 ब्लू-रे, एकूण 27 डिस्क. आकड्याला बिचकू नका. डीव्हीडीवर जे आहे तेच बहुतेक ब्लू-रेवरही आहे, त्यामुळे ऐकण्या-पाहण्याचा ऐवज वाटतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. मार्च 2017 पासून सहा भाग सुटे मिळतात. बँडचा सुरुवातीचा गायक आणि गिटारवादक सिड बॅरेट याच्या काळासाठी पहिला, 'केंब्रिज स्टेशन', घ्यावा: दोन सीडी, एक डीव्हीडी, एक ब्लू-रे.

खरा माल दुसऱ्या सीडीवर आहे. 10 सप्टेंबर 1967, स्टॉकहोममधला गिलेने सिर्केलन क्लब. पहिला अल्बम येऊन जेमतेम पाच आठवडे झालेले. बॅरेटसह फ्लॉइडचा एवढा लांब आणि इतका स्वच्छ लाइव्ह टेप अधिकृतपणे दुसरा नाही. पण स्वच्छ आहेत ती वाद्यं. गायन टेपवर उतरलेलंच नाही म्हटलं तरी चालेल. 'मटिल्डा मदर' आणि 'सी एमिली प्ले'मध्ये शब्द कुठेतरी भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटतात. इक्वलायझरवर मधल्या पट्ट्या चढवून ते वर काढायला जाऊ नका. जे टेपवर नाही ते येणार नाही, फक्त झांजा कानात टोचतील. उलट ट्रेबल थोडा उतरवा, आवाज मोठा ठेवा आणि हेडफोनऐवजी स्पीकरवर ऐका.

मग बॅरेटची गिटार कळते. फेंडर एस्क्वायर, तारांवर सरकवलेला धातूचा लायटर आणि बिन्सन एकोरेक. हे इको यंत्र टेपऐवजी फिरत्या चुंबकी चकतीवर आवाज टिपून परत सोडतं, म्हणून एका सुराच्या शेपटीवर दुसरा चढत जातो. 'पॉव आर टॉक एच' अल्बमवर साडेचार मिनिटांचं, इथे जवळजवळ बारा. मधल्या भागात रिक राइटचा ऑर्गन आणि गिटार एकमेकांना रस्ता देत नाहीत, आणि त्यातच मजा आहे. 'सेट द कंट्रोल्स'ही इथे बॅरेटसह आहे. ज्या अल्बमवर ते आलं तो निघायला अजून नऊ महिने होते. 'रिअ‍ॅक्शन इन जी' तर कोणत्याच स्टुडिओ अल्बमवर नाही.

सीडीचा उरलेला भाग म्हणजे जॉन लॅथम या ब्रिटिश कलाकारासाठी ऑक्टोबर 1967 मध्ये वाजवलेले नऊ तुकडे. एकदा ऐकून पुरे. पहिल्या सीडीवरची 1965 ची सहा गाणी हे सरळ रिदम अँड ब्लूज आहे. सायकेडेलिक, म्हणजे स्वप्नवत, गूढ आवाजांचं, काही शोधू नका.

डीव्हीडीवर बीबीसीचा मे 1967 चा 'लुक ऑफ द वीक' हा टीव्ही कार्यक्रम आहे. संगीतसमीक्षक हान्स केलर यांना एवढा मोठा आवाज कशासाठी हेच उमगत नाही, आणि बॅरेट व बँडचा बेसवादक रॉजर वॉटर्स शांतपणे, सभ्य मुलांसारखी उत्तरं देतात. 'अमेरिकन बँडस्टँड' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमातलं 'अ‍ॅपल्स अँड ऑरेंजेस' निव्वळ ओठ हलवणं आहे, पण बॅरेटचा चेहरा बघण्यासारखा.

आता तक्रार. 25 सप्टेंबर आणि 20 डिसेंबर 1967 ची बीबीसी रेडिओ सत्रं या भागात नाहीत. ती 'कंटिन्युएशन' नावाच्या सातव्या भागात आहेत, आणि तो सुटा विकलाच नाही. फक्त मोठ्या संचात. 'स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम' आणि 'व्हेजिटेबल मॅन' रेडिओसाठी वाजवलेली तिथेच आहेत. आवाज रेडिओसमोर रेकॉर्डर धरल्यासारखा, खरखरीत आणि दबलेला, पण स्टॉकहोममध्ये जे हरवलं ते, म्हणजे बॅरेटचं गाणं, इथे ऐकू येतं. दोन्ही एकाच वर्षाचं, एकमेकांना पुरं करणारं. ते दोन डब्यांत तोडणं हा निव्वळ दुकानदारी हिशेब.

दोन सीडींच्या 'क्रिएशन' या निवडक संचात स्टॉकहोममधलं काही नाही. स्वस्त म्हणून तो उचलाल तर हेच हुकेल.