कार्बन फायबरचं टेबल: आठ महिने वापरल्यावर

आमच्या लिनॅकवर, म्हणजे कॅन्सरला किरणोपचार देणाऱ्या यंत्रावर, पेशंटला झोपवायचं कार्बन फायबरचं नवं टेबल बसून आठ महिने झाले. आधीच्या टेबलाला मधे रॅकेटसारखी जाळी होती. वजनदार पेशंट झोपला की ती खाली दबायची आणि रोज उंची जुळवता जुळवता टेक्नॉलॉजिस्ट घामाघूम व्हायचे. ती कटकट गेली. हे टेबल ताठ राहतं, सीबीसीटीत (उपचाराच्या यंत्रावरच काढलेल्या स्कॅनमध्ये) धातूच्या रेघा येत नाहीत, साधनं रोज त्याच जागी अडकवणारा इंडेक्सिंग बार घट्ट बसतो.

पण 'किरणांना हे टेबल जाणवतच नाही' असं आम्हाला सांगितलं होतं, ते पटलं नाही. पहिल्याच आठवड्यात गोल फँटमच्या (शरीराऐवजी ठेवायच्या ठोकळ्याच्या) मधोमध फार्मर चेंबर हा डोसमापक ठेवून ६ एमव्ही ऊर्जेच्या किरणांवर मोजलं. गॅन्ट्री (किरण सोडणारा फिरता हात) ० अंशांवर, म्हणजे वरून, १०० एमयू (यंत्रातून सोडलेले किरण मोजायचं एकक), मग १८० वर, म्हणजे टेबलाखालून, १०० एमयू. खालून घेतलेलं रीडिंग जवळपास अडीच टक्के कमी आलं. १२० अंशांच्या आसपास बीम टेबलातून तिरका जातो, वाट लांबते. तिथे घट चार टक्क्यांच्या वर गेली. सगळ्या चुका धरून डोस पाच टक्क्यांच्या आत बसवायचा असतो, आणि त्यातला एवढा वाटा एकटं टेबल खातं.

त्याहून मला जास्त लागली ती त्वचेची गोष्ट. ६ एमव्हीचा डोस कातडीवर कमी असतो आणि साधारण दीड सेंटीमीटर खोल गेल्यावर कमाल होतो. पाठ टेबलाला टेकलेली असली की हा चढ बराचसा टेबलातच होऊन जातो. म्हणजे आपण न मागता बोलस (कातडीवरचा डोस वाढवायला ठेवतात तो थर) लावल्यासारखंच. ओटीपोटाच्या उपचाराला एक मावशी यायच्या, चार फील्डचा, म्हणजे चार दिशांनी किरण द्यायचा, साधा प्लॅन. चौथ्या आठवड्यात टेक्नॉलॉजिस्टनं मला आत बोलावलं. पोटावरची कातडी स्वच्छ, कमरेखाली मात्र फील्डच्या आकाराचा लाल चौकोन. नितंबांच्या घडीत लाली येते हे आम्हाला माहीत होतं, पण ही तिच्या वर, सपाट कातडीवर होती. मावशी म्हणाल्या, "रात्री कुशीवरच झोपते हो, पाठ टेकवत नाही." त्यांच्या प्लॅनमध्ये, म्हणजे डोसच्या हिशेबात, टेबल धरलेलंच नव्हतं. ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

तेव्हापासून प्लॅनसाठीच्या सीटी स्कॅनमध्ये दिसणारं सीटीचं टेबल प्लॅनमधून काढून उपचाराचं टेबल घालतो, पेशंटखालची व्हॅक्युम गादीही बॉडी कंटूरमध्ये (हिशेबासाठी आखलेल्या शरीराच्या बाह्यरेषेत) घेतो. सॉफ्टवेअरमधले तयार घनतेचे आकडे तसेच वापरले नाहीत. मोजलेल्या घटीशी जुळेपर्यंत बदलले. आता हिशेब आणि मोजणी एक टक्क्याच्या आत जुळतात. याबाबत एएपीएम या अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या टास्क ग्रुप १७६ चा २०१४ चा अहवाल आहे, तो टेबल यायच्या आधी वाचून ठेवा.

एक तक्रार उरतेच. टेबलाच्या कडेची जाडी मधल्यासारखी नाही. पेशंट दोन सेंटीमीटर डावीउजवीकडे झोपला तर तिरका बीम कडेतून जातो आणि प्लॅनमधलं टेबल खऱ्या टेबलाशी जुळत नाही. म्हणून पहिल्या दिवशीची आडवी पोझिशन आम्ही चार्टवर लिहितो आणि रोज तिच्याशी ताडून बघतो.