जुन्या बसचा हेडलाइट: भंगारातला की नवा?
दिवा सात इंची गोल असला तर निम्मं काम झालंच समज, भावा. नवं एच-फोर युनिट, म्हणजे काच-रिफ्लेक्टर एकत्र नि बल्ब वेगळा, दुकानात सहज मिळतं, उडाला तर नुसता बल्ब बदलायचा. भंगारातल्या मूळ दिव्याचा थाट वेगळाच, पण काच शाबूत मिळाली तरी आतला रिफ्लेक्टर काळवंडलेला. त्यात सीलबीम, म्हणजे काच, रिफ्लेक्टर नि तार एकाच बंद तुकड्यात असलेला दिवा निघाला, तर आतली तार तुटली की अख्खा दिवा फेकायचा. क्रोमची रिंग मात्र जुनीच राख. पोचे काढणारा हात उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, शोध. मी तरी रिंग जुनी, आतलं नवं असंच करीन. बल्बआधी बॅटरी बघ: 24 व्होल्टला 75/70 वॅटचा (लांबचा झोत/जवळचा झोत), 12 ला 60/55 चा. 24 वर 12 चा लावलास की क्षणात उडाला.