व्हॅसोप्रेसिन आणि अल्डोस्टेरॉन: एक पाणी राखतं, दुसरं मीठ

मे महिन्यात दुपारभर शेतात राबून आलं की लघवी थोडीशीच होते, तीही गडद पिवळी. ही करणी व्हॅसोप्रेसिन या हार्मोनची. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी दाट झालं तरी मेंदूला कळतं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ते सुटतं आणि मूत्रपिंडातल्या नलिकांच्या भिंतीत पाण्याची दारं उघडतात. काही मिनिटांत पाणी परत रक्तात! मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, तरी लघवी होते दीड-दोन लिटर. यातला शेवटचा हिशेब व्हॅसोप्रेसिनच्या हाती. ते बनेनासं झालं तर दिवसाला 10 लिटरहून जास्त लघवी होऊ शकते.

दुसरं हार्मोन अल्डोस्टेरॉन, त्याची चाल संथ. रक्तदाब घसरला किंवा पोटॅशियम वाढलं की ते मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून येतं, मिठातलं सोडियम राखतं, पोटॅशियम बाहेर घालवतं. पेशींना आधी नवी प्रथिनं बनवावी लागतात, म्हणून परिणामाला तासभर तरी लागतो.

माझ्या मते दुर्लक्ष होतं ते या दुसऱ्याकडे. मीठ राहिलं तरच रक्तात पाणी टिकतं. घामाघूम होऊन आलेल्याला तांब्यामागून तांब्या नुसतं पाणी देऊ नका. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत द्या.